बार्टलीने न घेतलेली खूण

बार्टली फोलनची गोष्ट सांगायची तर आधी नांगराची सांगावी लागते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शेवंडी धरणारे कोळी कमी नव्हते, पण समुद्रातली जागा लक्षात ठेवावी ती बार्टलीनेच. शेजारच्या पाट्चच्या होडीचा नांगर वादळात तुटून गेला, त्याला तीन वर्षं झाली होती, पण किनाऱ्यावरच्या वस्तू एका रेषेत धरून बार्टलीने त्या जागेची खूण घेऊन ठेवली होती. बार्टली म्हणाला, "चर्चचा मनोरा पडक्या गिरणीच्या डोक्यावर आण, डोंगराची खिंड उजव्या हाताला ठेव, आणि लोखंडी गळ सोड." सोडला, तर नांगर वर! पाट्चची बायको डिलिया म्हणाली, "बार्टली, तुझा चष्माही समुद्रातच ठेवत जा रे बाबा. घरात तुला काही सापडत नाही!" सगळी धक्क्यावरची माणसं पोट धरून हसली.

अशा माणसाने एकाच जागेची खूण घेतली नव्हती.

एकसष्ट सालच्या मार्चात त्याच्या बायकोला, सबिनाला, पहिली मुलगी झाली. ती श्वास न घेताच आली. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात पुरायला जागा नाही. अशी लेकरं समुद्रकाठच्या माळावर जायची. रीत ठरलेली होती. बापाने एकट्याने दिवस बुडताना पेटी न्यायची, पुरायची, किनाऱ्यावरचा हाताला लागेल तो दगड वर ठेवायचा आणि मागे वळून न पाहता घरी यायचं. आई अंथरुणात. सबिनाने विचारलं, "कुठे ठेवलीस?"

"चांगल्या जागी," बार्टली म्हणाला.

पुढे मूल झालं नाही, आणि छत्तीस वर्षं तो विषयही निघाला नाही.

मग नव्या पाद्रीबाबांनी माळावर त्या लेकरांसाठी प्रार्थना केली, आणि पाठोपाठ ग्रान्या नावाची नर्स घरोघर फिरू लागली. तिचं स्वतःचं बाळ असंच गेलेलं. तशाच आईबापांची तिने मंडळी जमवली होती. चहा पिता पिता ती म्हणाली, "नाव सांगा, आम्ही दगडावर कोरून देऊ. फक्त दगड कुठला ते दाखवा."

"उना," सबिना लगेच म्हणाली. ग्रान्याने ते वहीत लिहून घेतलं.

बार्टलीने ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी सगळे माळावर गेले. गवतात दोनशे-एक दगड, सगळे ओबडधोबड, सगळे मुके. सबिना काठीवर रेलून म्हणाली, "कुठला?"

बार्टलीने दगडांवरून नजर फिरवली. मग त्याने एका पांढऱ्या दगडाकडे बोट केलं. सबिना कष्टाने गुडघ्यांवर बसली, त्यावर हात ठेवला.

"बार्टली," मागून डिलिया हळूच म्हणाली, "अरे, तो माझ्या लेकराचा आहे. आमच्या पाट्चने वारण्याआधी दाखवला होता मला."

सबिनाने हात उचलला. "चुकलास ना? मग दुसरा कुठला?"

"मला माहीत नाही, सबिना."

"म्हणजे?"

"वळून पाहायचं नव्हतं. नाही पाहिलं. महिन्याभराने चोरून आलो, तर सगळे दगड सारखेच."

"आणि मला चांगली जागा म्हणालास."

डिलियाचा चेहरा उतरला. "मग आमच्या पाट्चने तरी..." असं म्हणून ती थांबली, आणि त्या पांढऱ्या दगडाकडे परक्यासारखी बघत राहिली.

ग्रान्या म्हणाली, "आपण सगळ्यांचा मिळून एक मोठा दगड उभा करू, सबिनाकाकू. त्यावर नावं घालू."

"तू तुझं बाळ पाहिलंस ना, पोरी?"

"हो. हॉस्पिटलात दोन दिवस माझ्याजवळ ठेवलं होतं."

"मी नाही पाहिलं." ग्रान्या तिच्या शेजारी ओल्या गवतातच बसली.

सबिनाने नवऱ्याकडे न बघता विचारलं, "केस होते तिला?"

बार्टलीला या वेळी खोटं बोलणं किती सोपं होतं! "हो, काळे" म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं?

"सुईणीने पेटीला खिळे ठोकूनच माझ्या हातात दिली," तो म्हणाला. "मीही नाही पाहिलं."

सबिनाने मान हलवली. मग ग्रान्याला म्हणाली, "आम्ही कुणीच तिला पाहिलं नाही. वहीतून तिचं नाव खोड. कुठल्याच दगडावर नको."