मास्तरांनी टाळलेला शब्द

शिंप्याच्या दुकानात ‘फिट’ हा शब्द वर्ज्य! ऐकलंय कुठे? पण मास्तरांचा हट्टच तसा. गिऱ्हाईक म्हणायचं, "कमरेत जरा फिट करा," की मास्तर ओठांतली टाचणी काढून म्हणायचे, "अंगाबरोबर करतो." गिऱ्हाईक हसायचं. हसेना का! तो शब्द त्यांच्या घरात कसा शिरला होता, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

त्यांची लेक ठकी शाळेत जायला लागली नि तिला फिट यायला लागली. पहिली आली ती दुकानातच, चिंध्यांत खेळताना. पोरीची दातखीळ बसली, आणि गळ्याशी घट्ट लावलेली बटणं काही मास्तरांना सुटेनात. जन्म बटणं लावण्यात गेलेले हात ते, पण नुसते काजांशी झटत राहिले. शेवटी आईने फ्रॉक टराटरा फाडला.

तेव्हापासून ठकीचे सगळे कपडे ढगळ, आणि मागे मानेपासून कमरेपर्यंत टिचबटणं. एक हिसका दिला की उघडलंच. ठकीला भारी राग यायचा.

"शिंप्याची पोर आणि बुजगावण्यासारखी फिरते! बाबा, एक तरी झगा नीट शिवा ना."

"शिवू की. तुझं दुखणं गेलं की लगेच शिवू."

मग बापलेक दोघंही ते दुखणं जायची वाट बघत राहिले. वर्षं गेली, गोळ्या चालूच होत्या.

कॉलेजात ठकीने इंग्रजी घेतलं आणि एक दिवस जाडजूड शब्दकोश घेऊन तिने कापायच्या टेबलावरच ठाण मांडलं.

"बाबा, ऐका तर. तुमचा तो नावडता शब्द एक नाहीच मुळी. झटक्याची फिट म्हणे ‘झुंज’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आली असावी. कपड्याची फिट कुठून आली, ते पंडितांनाही धड माहीत नाही. धडधाकट माणूस फिट असतो, तो या कपड्याच्या फिटच्याच गोतावळ्यातला. नुसतं नाव सारखं, घरं वेगळी!"

"आपल्याकडेही फिटतं की गं," आई आतून म्हणाली. "पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं."

मास्तरांनी मशीन थांबवलं. "झुंज होय? हे मात्र खरं बोलले हो ते," म्हणाले आणि पुन्हा पायडल मारू लागले.

पुढे काही वर्षं एकही फिट आली नाही, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. घरी येऊन मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मास्तर तडक दुकानात गेले, आणि आठवडाभर त्यांनी कुणाचंच काम वेळेवर दिलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी ठकीच्या हातात निळा झगा ठेवला. तिने तो घातला, आणि सवयीने हात पाठीकडे नेला. मागे टिचबटणं नव्हतीच. पुढे गळ्यापर्यंत छोटी छोटी बटणं होती, हाताने केलेल्या घट्ट काजांतली. गळ्याचं शेवटचं बटण मास्तरांनी स्वतः लावलं.

दोन पावलं मागे सरून त्यांनी बघितलं. चष्मा काढला, पुसला.

"फिट," ते म्हणाले. "एकदम फिट बसलाय, ठके."

आता ते दुकान नाही, मास्तरही नाहीत. ठकीला नातवंडं झाली. झगा काही तिच्या अंगात जात नाही. तरी कपाट आवरताना ती तो मांडीवर घेते आणि सगळी बटणं एकेक करून लावते. बाबांची फार आठवण येते मग. गळ्याचं बटण अजूनही घट्टच आहे.