नाल्याकाठचं ‘ते’

जगात भीती म्हणून जेवढी होती, ती सगळी आमच्या साडूंनी एकट्यानं उचलली आणि बाकीच्या वऱ्हाडाला बेडर करून सोडलं, असं माझं ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान, अमरावतीला पाणीपुरवठ्याच्या हापिसात बाबू. पालीला भिणं, लिफ्टला भिणं, हे तर कोणीही करतं. साडू कुरिअरवाल्याला भीत. एकदा दारात कुरिअरवाला दिसला तर हे अर्धा तास मोरीत जाऊन बसले; पाकिटातून निघाली लग्नपत्रिका. अनोळखी नंबरवरून फोन आला की मोबाइल उशीखाली दाबून धरत, तो थांबेपर्यंत. गावाला निघताना गॅसचा बंद खटका पाचदा बघत. शेवटी ताईनं वैतागून त्या खटक्याचा मोबाइलवर फोटो काढून दिला, तर बडनेरा स्टेशनावर यांना शंका आली की फोटो कालचा असला तर? गाडी सोडून घरी परतले! मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला सारी मंडळी डोळे मिटून बसलेली, आणि यांचा एक डोळा उघडा. मी शाळेत मास्तर; मला म्हणाले, “देव कुठं पळून नाई जात, मास्तर. चप्पल जाते.”

पण या सगळ्या भीतींची आई नाल्याकाठी राहत होती. तिचं नाव बेशरम. आमच्याकडे नाला असो, तलावाची कड असो, हे झुडूप चिखलात पाय रोवून उभं असतं. बारा महिने जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखी फुलं. शहाणी शेळी तोंड लावत नाही. तोडून फेकलं तर फेकल्या जागी मूळ धरतं, म्हणून तर हे नाव. आणि वऱ्हाडात त्याचा आणखी एक उपयोग आहे. जो साहेब काम करत नाही, त्याच्या हापिसात लोक मोर्चानं जातात आणि याची फांदी त्याला भेट देतात. फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी हा बेशरम कोण ते अख्ख्या जिल्ह्याला समजतं. साडूंनी त्या झाडाचं नाव जन्मात उच्चारलं नव्हतं. ‘ते’ म्हणत. स्कूटरवर नाला आला की मान दुसरीकडे वळवत. अशीच मान वळवून एकदा म्हशीवर आदळले. म्हशीनं माफ केलं, ताईनं नाही.

मी तर फार चिडवायचो. “भाऊ, झाडाले काय भेता? तुमच्या जागी मी असतो तर हार समजून गळ्यात घातलं असतं!” एकदा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, “तुमाले काय जाते बोलाले, मास्तर. माह्या बापानं जिंदगीत कोनाचा फुकटचा चहा नाई पेला. त्याच्या पोराच्या हातात ते आलं, तर तोंड कुठं लपवू? सात महिने रायले रिटायर व्हायले. तेवढे निघू दे, बाप्पा.” मला तेव्हाही गंमतच वाटली, हे आज लिहिताना लाज वाटते.

मे महिना होता. शाळेला सुट्ट्या म्हणून आम्ही अमरावतीला गेलो होतो आणि ताईनं मला डबा घेऊन हापिसात पाठवलं होतं. डबा टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. साहेब मागच्या दारानं ‘साइटवर’ गेले. शिपाई साहेबांना सोडायला गेला. साडू “मास्तर, आले,” एवढंच बोलले. आणि झाडाला हार समजणाऱ्या मी काय केलं? लोखंडी कपाटामागे जाऊन बसलो. हो, बसलोच. नाकात धूळ गेली तरी शिंकायची हिंमत होत नव्हती.

फटीतून सगळं दिसत होतं. भातकुलीकडच्या एका खारपाणपट्ट्यातल्या गावचे पन्नासेक लोक, वर धरलेले मोबाइल, आणि पुढे एक वाळकी म्हातारी. तिच्या हातात फांदी, उन्हानं फुलं माना टाकलेली. तिनं साडूंकडे पाहिलं. त्यांचे हात इतके हलत होते की टेबलावरचा डबा वाजत होता.

“काहून थरथरून राह्यला, बाबू?” म्हातारी म्हणाली. “तुह्यासाठी नाई हे. साहेबासाठी आणलं. कुठं हाये तो?”

‘साहेब नाहीत,’ एवढंच साडूंनी म्हणायचं होतं. कपाटामागे मी देवाला तेवढंच मागत होतो. साडूंनी ड्रॉवर उघडला, एक फाइल काढली.

“बुढीमाय, हे तुमच्या गावच्या पाइपलाइन दुरुस्तीची फाइल. चार महिन्यांपासून अठीच, माह्या ड्रॉवरात हाये. साहेब एक डाव माह्यावर डाफरले, तवापासून सहीले न्यायचं भेव वाटे. साहेबाले ठाऊक बी नाई.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “द्या ते. माह्यंच हाये.”

“चार महिने खारं पाणी पेलो, बापा,” म्हातारी एवढंच म्हणाली आणि फांदी त्यांच्या हातावर ठेवली. फोटो निघाले. एका हातात फांदी, एका हातात फाइल घेऊन साडू भर उन्हात साहेबांच्या घराकडे चालू लागले, मागे सगळा मोर्चा. खोली रिकामी झाल्यावर मी बाहेर आलो.

सही झाली. पंधरा दिवसांत त्या गावाला गोडं पाणी मिळालं आणि साडूंना नोटीस. बदली आमच्या अकोल्याजवळ बार्शीटाकळीला झाली, म्हणून उरलेले महिने ते आमच्याकडेच राहिले. येताना बादलीत ती फांदी होती, मूळ फुटलेली. आमच्या परसात सांडपाण्याच्या चरीशी त्यांनी ती लावली. गॅसचा खटका ते पाचदाच बघत. “भेव गेलं का, भाऊ?” मी विचारलं, तर म्हणाले, “नाई जी, हाये तेवढंच हाये. पन आता फाइल नाई अडकत.” मोर्चा आला तेव्हा मी कुठं होतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते सगळे महिने रोज जेवताना मला धाकधूक असे, की आज विचारतील.

आता ते पुण्याला मुलीकडे अकराव्या मजल्यावर असतात, आणि लिफ्टच्या धाकानं आठवड्यातून एकदाच खाली उतरतात. दर रविवारी त्यांचा फोन येतो. बायको स्पीकर लावते, घरातले सगळे भोवती जमतात. जन्मभर ज्यांनी ‘ते’ म्हटलं, ते आता खुशाल नाव घेऊन विचारतात, “काय मास्तर, बेशरम कसा हाये?”

सगळे हसतात. मी खिडकीतून परसात बघतो. फुलं आलेली असतात.

“बरा हाये, भाऊ,” मी म्हणतो. “अठीच हाये.”