लाल गाडीचा पंप

लग्न होऊन उंब्रजला आले तेव्हा सासरच्या घरामागे, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी बुटकं, लांबट झाकलेलं दिसायचं. ट्रॅक्टरचं काही असेल, असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. एका दुपारी वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालं आणि आतून लाल रंग दिसला. मी ताडपत्री ओढलीच. खाली दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्स कार उभी होती.

मी सांगलीची. वडिलांचं टायरचं दुकान, त्यामुळे गाड्यांचं वेड मला घरातूनच आलेलं. पण अशी गाडी मी जवळून कधी पाहिली नव्हती. आपल्याच देशात काही काळ बनलेली, फायबरच्या अंगाची, परदेशी इंजिनाची. माझ्या चुलत सासऱ्यांनी ती मुंबईत असताना हौसेनं घेतली होती. पुढे ते मुलाकडे परदेशात गेले आणि गाडी माझ्या सासऱ्यांकडे आली. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची सारी नोकरी फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये झालेली. तोवर आमच्या दोघांचं बोलणं चहा, औषधं आणि उसाच्या पाण्याची पाळी एवढ्यापुरतंच असायचं.

मी त्यांना विचारलं, ही गाडी सुरू होईल का?

"इंजिन चांगलं हाय," आबा म्हणाले. "पेट्रोल वर येत न्हाई. पंप गेलाय, अन् त्यो कुटं मिळत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चालवाची हाय व्हय तुला?"

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हत्यारांची फौजी पेटी आणि वाळूची बादली घेऊन शेडमध्ये हजर. पेट्रोलच्या कामाला वाळू जवळ हवीच, असा त्यांचा नियम.

त्यांनी नवी बॅटरी जोडून मला किल्ली फिरवायला सांगितली. या गाडीचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच बसवलेला. किल्ली फिरवली की क्षणभर तो गुणगुणायला हवा. आबा टाकीला कान लावून बसले, टाकी मुकी. टाकीतलं जुनं पेट्रोल आम्ही उपसलं, तर ते काकवीसारखं दाट झालेलं. टाकी धुतली, पंप बाहेर काढला. प्लास्टिकच्या एका उभ्या डब्यात तो बसवला होता आणि त्याच्यावरचा नंबर पुसून गेला होता.

त्यानंतरचे दिवस मी त्या पंपासाठी अक्षरशः वणवण फिरत होते. कराडच्या सगळ्या पार्टवाल्यांकडे जाऊन आले. गाडीचं नाव सांगितलं की ते आधी गाडीचा फोटो मागायचे, चहा मागवायचे आणि पंप नाही म्हणायचे. रात्री जेवताना नवऱ्याचा पुण्याहून फोन आला की मी त्यालाही पंपच सांगायची. मोबाइलवर परदेशातल्या एका दुकानात अगदी तसाच दिसणारा पंप सापडला, तो मी आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"फोटू बगून कोन बैल घेतं व्हय?" ते म्हणाले.

मग आम्ही पंपाची मापं घेतली. जाडी, उंची, नळीच्या तोंडाचा व्यास, वायरचा जोड. पेट्रोलचा दाब किती लागतो, ते इंजिनच्या एका जुन्या पुस्तिकेत मिळालं. हे सगळं जुळेल तो पंप आपला, मग तो कुठल्याही गाडीचा असो, असं आबांनी ठरवून टाकलं.

पंप त्याच्या प्लास्टिकच्या डब्यासकट घेऊन आम्ही माझ्या छोट्या गाडीतून सांगलीला निघालो. वाटेत आबा मला लडाखच्या थंडीत ट्रक कसे सुरू करायचे ते सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

वडिलांच्या ओळखीचे एक चाचा जुन्या गाड्यांचे पार्ट विकतात. त्यांच्या दुकानात पंपांची रासच होती. चाचा आणि आबा एकेक पंप हातात घेऊन बघत होते. हा उंच, त्याचं तोंड मोठं, तिसऱ्याचा दाब कमी. तासभर असंच चाललं. शेवटी आबांनी आमचा डबा उघडून आतली मोटर मोकळी केली, तेवढ्यात माझी नजर बाजूला पडलेल्या एका मोटरवर गेली. मी ज्या छोट्या गाडीतून आले होते, तसल्याच गाडीच्या पंपाची ती मोटर. मी दोन्ही शेजारी उभ्या केल्या. उंची एक. जाडी एक.

"आबा, डबा आपलाच ठेवू," मी म्हणाले. "आतली मोटर तेवढी बदलू."

आबांनी मापं पुन्हा घेतली. वायरचा जोड बसत होता. खालची, पेट्रोल गाळायची जाळी फक्त वेगळ्या कोनात येत होती, पण आमची जुनी जाळी नवीसारखी होती, तीच चालणार होती. दाब थोडा जास्त होता, त्याची चाचांना शंका आली. आबा म्हणाले की जादा पेट्रोल टाकीत परत न्यायला या गाडीला वेगळी नळी आहे, काळजी नको. चाचांनी मागच्या अंगणात मोटर चालवून, दाबाचा काटा लावून दाखवला. काटा हवा तिथे चढला आणि तिथेच राहिला. चाचांनी आबांना मिठी मारली.

उंब्रजला पोचून आम्ही जेवायलाही न थांबता पंप बसवला, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं. किल्ली फिरवली. टाकीतून गुणगुण आली. मी आबांकडे बघितलं, ते हसत होते, आणि तेवढ्यात पेट्रोलचा वास आला. इंजिनाजवळची रबरी नळी चिरली होती. आबांनी झटक्यात किल्ली बंद केली. पेट्रोल खाली सांडलं होतं, त्यावर मी वाळू ओतली. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"पंप जोरात हाय म्हून तर नळी फुटली," आबा म्हणाले. "वंगाळ काय झालं न्हाई."

कराडला ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या विकणाऱ्याकडे गेलो, पण तो म्हणाला की ही तेलाची नळी, पेट्रोलनं फुगेल. त्यानंच पलीकडच्या दुकानात पाठवलं. तिथे पेट्रोल दाबानं फवारणाऱ्या, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांची, दाब सहन करणारी नळी मिळाली. इंजिनाजवळच्या सगळ्याच नळ्या आम्ही बदलल्या. फिल्टरही नवा टाकला. आबांनी प्रत्येक क्लिप स्वतः आवळली आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून बघितला. कागद कोरडाच राहिला.

सकाळी गाडी शेडच्या दारात ढकलून आणली. किल्ली फिरवली, पंप गुणगुणला, इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि सुरू झालं. शेडचे पत्रे हादरले, कबुतरं उडाली. मी आबांना चालवायला बसा म्हटलं, तर ते वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

मसूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्यावर आभाळ आणि गाडी इतकी खाली की ट्रॅक्टरची चाकं खांद्याला लागतील असं वाटायचं. आबांनी टोपी काढून मांडीखाली दाबून धरली. माझं हसू काही थांबत नव्हतं. एका उघड्या पट्ट्यावर आबा म्हणाले, "जरा दाब की." मी दाबलं.

परत आलो तेव्हा फाटकात सासूबाई उभ्या होत्या. इतके दिवस त्यांनी या गाडीचा विषय काढला नव्हता. आता त्यांनी चांगलं लुगडं नेसून डोक्यावरचा पदर घट्ट खोचला होता, पायात चपला होत्या. गाडी थांबताच त्या आबांच्या बाजूला आल्या.

"आवं, उतरा," त्या म्हणाल्या. "दोगंच बसत्यात न्हवं हिच्यात?"

आबा मुकाट्यानं उतरले आणि त्यांनी सासूबाईंसाठी दार धरलं. मी गाडी पुन्हा मसूरच्या रस्त्याकडे वळवली.