पित्ताचे खडे

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. शोभाले, म्हणजे माझ्या बायकोले, माहीत आहे — पण ते मी सांगतलं म्हणून नाही, ती तिथंच उभी होती म्हणून. आमच्या घरात त्या दिवसाचं नाव निघत नाही. मंग तुमाले काहून सांगून राह्यलो? तुमी मले ओळखत नाही, हे एक असंन. दुसरं काही सापडत नाही.

सरळ सांगायले गेलो की मी दुसरंच काहीतरी सांगून मोकळा होतो. लय दिवसांपासून असंच चाललं आहे. म्हणून आधी पोटाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजीन.

दुखणं जुनं. संडासले रक्त, आव, पोटात कळा. बेलफळ झालं, कुड्याची साल झाली, कोण्या महाराजाचा अंगारा झाला. शेवटी नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, मोठं आतडं सडलं, काढा लागते. काढलं. लहान आतड्याचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूले बाहेर आणून शिवलं अन् त्याच्यावर थैली बसवली. आता जे काही निघते ते त्या थैलीत. जन्मभर. 'जन्मभर' हा शब्द डॉक्टरनं असा म्हणला, जसा कंडक्टर पुढच्या स्टॉपचं नाव घेते.

आमचं गाव बाभुळगावपासून जवळच. घरी आलो अन् कितीतरी दिवस मी त्या जागेकडे पाहिलंच नाही. शोभा पाहे. लालबुंद, ओलं, आपल्या मनानं हालणारं ते तोंड पाहून ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "बाप्पा, हे तं जित्तं आहे." मंग पदर खोचला अन् कामाले लागली. थैलीची चिकट प्लेट नीट बसली नाही तं खालून पाझरे अन् चामडी अशी सोलून निघे, की मी उशी दातात धरो. ती प्लेट आधी स्वतःच्या काखेत धरून गरम करे, मंग हलक्या हातानं लावे अन् वरून तळहात ठेवून बसून राहे. नाक मुरडलं नाही कधी. थैली रिकामी करणं, धुणं, सगळं तीच.

अन् मी काय करो? चिडचिड. भात गिचका झाला, डॉक्टरनं रोज प्यायले सांगतलेलं मिठाचं पाणी खारट झालं, पंखा काहून बंद. मिठाचं पाणी खारटच असते, हे मले कळत नव्हतं का? तुरीच्या सोल्यांची भाजी बंद होती, दाणा आत अडकते म्हणून. एकदा चोरून खाल्ली अन् दिवसभर लोळलो. शिव्या तिलेच देल्ल्या — भाजी केलीच कायले म्हणून.

पण होते सवय. उन्हाळा कठीण गेला. घामानं प्लेट टिके ना. पावसाळ्यात जरा बरं वाटलं. दसऱ्यानंतर कापूस वेचायले बाया आल्या तेव्हा मी बांधावर उभा होतो. फटफटी चालवत होतो, बाजार करत होतो. शर्ट सैल, लेंगा ढिला, बस. मी चांगला जगत होतो. हे मुद्दाम सांगून राह्यलो, कारण पुढे ज्यानं विचारलं त्याले एवढंच पाहिजे होतं.

गावाले मात्र मी वेगळं सांगतलं होतं. पित्ताचे खडे. खडे झाले, काढले, संपलं. खड्यांची लाज वाटत नाही ना माणसाले! आता ऐका, गावात नावं ठेवायचं काम माझ्याकडे. लहानपणापासून. लंगडत चालणाऱ्या एकाचं मी 'टमटम' नाव ठेवलं, ते त्याच्या पोरांच्याही मागं लागलं. माझ्या जिभेले हाड नाही असं लोक म्हणत अन् मले त्याचा अभिमान होता. तं मले कोणतं नाव पडीन हे मी अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःच ठरवून ठेवलं होतं. पंचायतीच्या मीटिंगमध्ये पोट वाजलं की मी मोठ्यानं खोको. एका सभेत इतका खोकलो की सरपंचानं मले काढा पाठवला.

त्याच दिवसांत आमच्या पल्लवीले दारव्ह्याकडचं स्थळ आलं. पोरगा मास्तर, पोरगी त्यायले पसंत. आता राह्यली चौकशी. आमच्याकडे पसंती झाली की पोराकडचे गुपचूप माणूस पाठवतात. तो बैल पाहायच्या निमित्तानं येईन, टपरीवर चहा पीन, हळूच विचारीन — घराणं कसं, भांडणतंटा काही, घरात काही बिमारी? मी स्वतः असा गेलेलो आहे. पुतण्यासाठी गेलतो. पोरीच्या मायले फिट येते एवढं टपरीवर ऐकलं अन् तसाच परत फिरलो. स्थळ मोडलं. त्या बाईले खरंच फिट येत होती का? मी विचारलंही नाही.

तं एक दिवस दुपारी एक माणूस गाडीवर आला. माझ्याच वयाचा, खांद्यावर दुपट्टा, चेहरा उन्हानं रापलेला. देवराव नाव सांगतलं, कळंबकडचा म्हणला. बसला, पाणी पेला अन् इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणला, "भाऊ, तुमच्या पोटाले थैली आहे म्हनतात. खरं काय?"

चौकशीचा माणूस — दुसरं कोण विचारीन असं? मी हसलो. हो, हसलो. म्हणलं, "कोणं सांगतलं बाप्पा तुमाले? पित्ताचे खडे होते, काढले. थैलीबिली काही नाही."

आता इथवर जे झालं त्याले तुमी चूक म्हणा. मीही स्वतःले लय दिवस एवढंच सांगत आलो — चौकशीवाला वाटला, कोणालेही वाटला असता. गोष्ट इथंच संपली असती तं मी तुमच्याजवळ तोंड उघडलं नसतं.

पण तो उठला नाही. दुपट्ट्याचं टोक बोटाले गुंडाळत बसला अन् मंग सांगायले लागला. त्याची पोरगी वर्षा, लग्न झालेली, एक लहान लेक पदरात. तिले हेच दुखणं. डॉक्टर म्हणते थैली लावा, नाही तं आतडं फुटीन. पोरगी नाही म्हणते. जावई म्हणते, थैलीवाली बायको मी नांदवणार नाही. मंग ती माहेरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. बांगड्या हातात राहत नाहीत, म्हणला, कोपरापर्यंत चढतात. "दवाखान्यातल्यायनं लय समजावलं, भाऊ. आयकत नाही. म्हनते, असं घेऊन कोनी जगते का? जगून राह्यलेला एक मानूस दाखवा, मंग मी हो म्हनतो. तुमच्या घरच्या बाई थैल्या घ्यायले यवतमाळच्या मेडिकलमध्ये आल्या होत्या, तिथं त्यायनं माझ्या बायकोले सांगतलं, या म्हने आमच्याकडे, आमचे सांगतीन सगळं. म्हनून आलो."

असं बोलता बोलता तो रडायले लागला. अन् चौकशीचा माणूस रडत नाही. त्यानं रक्ताचा रंग सांगतला, कळ आली की पोरगी गुडघे पोटाशी घेऊन कशी बसते ते सांगतलं. ज्याच्या घरात हे झालं त्यालेच हे सांगता येते. मले समजलं. हा कोण आहे, कायले आला, कायची भीक मागून राह्यला — सगळं समजलं. शंकेले जागाच नव्हती. गैरसमज तिथं संपला होता. हेच मले सांगायचं होतं अन् हेच मी इतका वेळ टाळत होतो.

शोभा चहा घेऊन आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. दारातच थांबली अन् हळू म्हणाली, "अजी, सांगा ना त्यायले. लेकीचा जीव आहे त्यायच्या."

अन् मी काय म्हणलं? म्हणलं, "हिच्या बोलण्यावर नका जाऊ भाऊ. ऐकते एक अन् सांगते एक. कोण्या दुसऱ्याचं माझ्यावर टाकलं असंन तिनं."

परक्या माणसासमोर. जिनं माझी घाण वर्षभर हातानं काढली, तिले मी तिच्या तोंडावर खोटी पाडली. तिनं फक्त एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, तिथं पल्लवी होती. मंग माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवले अन् आत गेली. ती पुढं आणखी बोलली असती तं मी काय केलं असतं? तिलेच वेडी ठरवलं असतं. मी स्वतःले ओळखतो.

काय काय करता आलं असतं, ते मी मोजून थकलो. त्याले मागच्या अंगणात नेऊन शर्ट वर करता आला असता. कोणाले सांगू नका अशी शपथ घालता आली असती. तो पाळणारा माणूस होता, दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी जाता आलं असतं, तिथं मले कोण ओळखते? पल्लवीच्या लग्नासाठी लपवलं असं म्हणू का? तसं म्हणलं तं बरं दिसते, बापाचं काळीज वगैरे. पण खरं सांगतो — त्या घडीले पल्लवी माझ्या डोक्यात नव्हती. माझ्या डोक्यात मीच होतो. चावडीवरचे लोक, ते नाव, ते हसणं. मी आयुष्यभर दुसऱ्यायवर हसलो अन् माझ्यावर कोणी हसू नये म्हणून मी त्या माणसाले रिकाम्या हातानं उठू देल्लं.

त्यानं चहा पूर्ण पेला. टाकून उठणं बरं नाही म्हणून पेला असंन. जातांनी हात जोडले, म्हणला, "माफ करा भाऊ, भलतंच विचारलं तुमाले." मी म्हणलं, असू द्या, होते असं.

शोभा भांडली नाही. भांडली असती तं मी जिंकलो असतो, मले भांडता येते. पण त्या दिवसापासून ती प्लेट लावायले येत नाही. सामान काढून देते — कात्री, पावडर, कापूस — अन् बाहेर जाऊन बसते. मी आरशासमोर उभा राहून स्वतःच लावतो. जेवायले वाढते, औषधाची आठवण करते, सगळं करते. बोलते कामापुरतं.

पल्लवीचं लग्न झालं. लग्नानंतर व्याह्यायकडे मुक्काम पडला अन् तिथं न्हाणीत थैली फुटली, लपवणार कुठं? व्याह्यानं पाणी गरम करून देल्लं, म्हणला, "आता बरं आहे ना? मंग झालं." अन् सोयाबीनचं बोलायले लागला. एवढंच. ज्या व्याह्याच्या भीतीनं लपवलं असं मी स्वतःले सांगत होतो, त्याले त्याचं एवढंच वाटलं.

नवं जोडपं घेऊन आमी कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले गेलतो. देऊळ जमिनीच्या खाली, खोल. बाकीचे खाली उतरले, मी मागं राह्यलो, पायऱ्या हळू उतरा लागतात मले. तिथं देवराव दिसला. कडेवर लहानशी नात. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यानंच ओळखलं. हसून जवळ आला. मले विचाराच लागलं, "पोरगी कशी आहे?"

"गेली भाऊ. आखाडात." तो आवाज न चढवता म्हणला. "ऑपरेशन नाहीच करू देल्लं तिनं. तुमच्याकडून गेलो अन् सांगतलं तिले, त्या भाऊले तसं काही नाही बाई, खडे होते ते. तं म्हने, पाहा बाबा, मी म्हनलं होतं ना. मंग बोललीच नाही जास्त. आतडं फुटलं एक दिवस."

मी सांगतलं असतं तं ती वाचली असती का? मालूम नाही. डॉक्टरलेही सांगता आलं नसतं. पण तिनं फक्त एक जित्ता माणूस मागतला होता अन् तो होता. तिच्या बापासमोर खाटेवर बसून चहा पीत होता.

पायऱ्यांवर आमी दोघंच होतो. आता लपवायले काही उरलं नव्हतं. पल्लवीचं लग्न झालेलं, व्याह्यायले माहीत, या गावात मले हसणारं कोणी नाही. देवराव म्हणला, "तुमचे खडे पुन्हा तं नाही झाले ना भाऊ?"

मी म्हणलं, "नाही जी. बरं आहे आता."

त्याले बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. त्यानं नातीले खाली उतरवलं अन् म्हणला, पाया पड बाबाच्या. ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.