पहिल्या भागानंतर आभार

कार्यक्रम संपला आणि खुर्च्या उचलायला घेतल्या की खाली काही ना काही सापडतं. कुणाचा चष्मा, कुणाची छत्री, एकदा तर दातांची कवळी! रत्नागिरीतल्या आमच्या हॉलवर मी तीस वर्षं खुर्च्या लावतोय. वस्तू ज्याच्या त्याला परत जातात. किस्से मात्र न्यायला कोणी येत नाही, ते माझ्याकडेच साठतात. त्यातले मुग्धाचे जास्त.

मुग्धा मांडवीची. चेलो वाजवते. चेलो म्हणजे जवळजवळ माणसाएवढं व्हायोलिन, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचं. घरातलं कोणी शेजारच्या खोलीत गुणगुणत असावं, तसा त्याचा आवाज. मुंबईत शिकली, परदेशात वाजवून आली आणि आईचं वय झालं म्हणून घरी परतली. गोव्याचे दोन व्हायोलिनवाले आणि देवरूखचे एक मास्तर जमवून तिने चौघांचा संच केला.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांनी चेलो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला एक प्रदक्षिणा घातली.

"एवढं मोठं कशाला घेतलंस गो? लहान मिळतं की! उभं राहून वाजवता येतं, फोटोही चांगला येतो."

"बापूकाका, याचा आवाज वेगळा असतो."

"आवाजाची कसली काळजी? माइक आहे ना आपला!"

*

पहिल्या कार्यक्रमाला मंडळाने सत्कारासाठी शाल आणली. एकच.

"चौघांत मुख्य कोण?" बापूसाहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही. चौघं एकमेकांचं ऐकून वाजवतो," मुग्धा म्हणाली.

बापूसाहेबांना हे पटेना. "आमच्या कमिटीत नऊ जण आहेत. एकमेकांचं ऐकत बसलो तर कामं कशी व्हायची?"

स्टेजवर शाल घेऊन ते चौघांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी ती चेलोला पांघरली.

खाली आल्यावर मला म्हणाले, "सगळ्यात मोठा तोच दिसत होता!"

*

त्याच संध्याकाळी पुढचं घडलं. चौघं जे वाजवत होते त्याचे चार भाग. दोन भागांमध्ये थोडं थांबायचं, कोणी बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. पहिला भाग संपला. चौघं थांबले. हॉल शांत. आमच्याकडे हॉल शांत झाला की कोणीतरी आभार मानतं. बापूसाहेब टुणकन स्टेजवर चढले आणि त्यांनी मंडपवाल्यापासून सगळ्यांचे आभार मानले.

"बापूकाका, अजून तीन भाग आहेत," मुग्धा हळूच म्हणाली.

बापूसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि माइकवरूनच जाहीर केलं, "उरलेले तीन पुढच्या वर्षी!"

*

आणि शब्दाचे पक्के! पुढच्या वर्षी खरंच बोलावलं. फक्त म्हणाले, "पहिला झालाय. आता दुसऱ्यापासून धरा."

मुग्धाने पहिल्यापासूनच धरलं. या वेळी खर्च एका आंब्याच्या व्यापाऱ्याने उचललेला. त्याने आदल्या दिवशी येऊन चेलो नीट निरखला होता. "ताई, पुढे एवढी मोकळी जागा पडलीय. आमच्या पेटीवरचा स्टिकर लावला तर?"

मुग्धा नको म्हणाली. त्याने मनाला लावून घेतलं नाही. पहिला भाग संपताच तो स्वतःच स्टेजवर गेला आणि हापूसवर पाऊण तास बोलला; तोवर हॉलची वेळ संपली.

*

मुग्धाची आई दर वेळी पहिल्या रांगेत, उजवा कान स्टेजकडे करून बसायची. डावा गेलेलाच होता. व्यापाऱ्याच्या भाषणानंतर मी तिला हात धरून पायऱ्या उतरवत होतो. ती लेकीला म्हणाली, "पहिला भाग मला पाठ झाला. पुढे काय होतं गो?"

मुग्धा चेलोची पेटी खांद्यावर घेऊन रस्त्याकडे बघत राहिली.

*

यंदा मुग्धाला परदेशातून दोन वर्षांचं काम आलं. "जा," आईच म्हणाली. पण उजवा कानही आता साथ सोडत चालला होता. मुग्धा माझ्याकडे आली.

"काका, जायच्या आधी एकदा तिला सगळं ऐकवायचंय. परत येईन तेव्हा..."

मी हॉलच्या वहीत मोकळी तारीख शोधली.

कार्यक्रम ठरला. बापूसाहेबांनी मुंबईहून एक पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. सहा वाजले, हॉल भरला आणि पाहुण्यांची गाडी संगमेश्वरच्या अलीकडे रस्त्याच्या कामात अडकली.

"लोक उठून जातील!" बापूसाहेब म्हणाले. "मुग्धा, पाहुणे येईपर्यंत काहीतरी वाजवत बसा. आले की थांबायचं. मग दीपप्रज्वलन, भाषणं, आणि मग खरा कार्यक्रम."

सगळी कमिटी पुष्पगुच्छ घेऊन बाहेर रस्त्यावर उभी राहिली. त्यामुळे पहिला भाग संपला तेव्हा आभार मानायला आत कोणी नव्हतं. दुसरा भाग झाला. तिसरा झाला. मुग्धाची आई पुढे झुकून, कानामागे हात धरून ऐकत होती.

चौथा सुरू झाला आणि बाहेर हॉर्न वाजला. मी दाराला आतून कडी घातली.

"शांताराम, दार उघड! पाहुणे आले! वाजवणं बंद करायला सांग!"

"कडी अडकलीय, बापूसाहेब," मी दाराला तोंड लावून म्हटलं.

समुद्राच्या वाऱ्याने आमच्याकडे कड्या गंजतात हे खरंच आहे. ही मात्र मी सकाळीच तेल घालून ठेवली होती.

"जोर लाव!"

"लावतोय."

शेवटचा सूर थांबला. मग सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मी कडी काढली.

पाहुणे आत आले. टाळ्या ऐकून जागीच थबकले. मग दोन्ही हात जोडून डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले आणि मधल्या वाटेने सावकाश पुढे गेले. पहिल्या रांगेत मुग्धाची आई एकटी बसून होती, पदराने डोळे पुसत.

पाहुण्यांनी खाली वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नका, आजी. आलो ना मी!"