मशेरीचं तोंड आणि मशिन

तोंडात बोट ठेवून अख्ख्या आळीला झापता येतं, हे मला काकींनी दाखवलं. जुईनगरजवळच्या गावठाणात मी त्यांची भाडेकरू. सकाळी ओट्यावर बसून, तळहातावर तंबाखूची काळी मशेरी घेऊन त्या दात घासत. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पण बोट न काढता शिवी स्पष्ट देणाऱ्या याच.

मी तंबाखूविरोधी पत्रकं वाटायचे. माझी प्रत्येक घोषणा त्यांच्या ओट्यावर येऊन आपटायची.

"काकी, मशेरी सोडा!"

"सोडली. मंग, पुढं?"

"आरोग्य हा आपला हक्क आहे!"

"हाय ना. मंग, पुढं?"

मग महाप्याच्या एका कंपनीने आमच्या समाजमंदिरात शिबिर लावलं. मोबाइलने तोंडाच्या आतला फोटो काढायचा, कृत्रिम बुद्धिमत्ता कॅन्सरचा संशयित डाग ओळखणार. बाया बिचकल्या. काकी म्हणाल्या, "सरका. पयली मी."

फोटो निघणार म्हणून त्या घरून दात खास घासून आल्या होत्या. कशाने? मशेरीने! नेहमीपेक्षा जास्त. मशिन म्हणालं, फोटो अस्पष्ट. पुन्हा काढला, पुन्हा अस्पष्ट.

"चष्मा लावा त्याला," काकी म्हणाल्या.

चुळा भरून झाल्या. आता मशिनने गालाच्या आत लाल चौकट काढली. आणि कंपनीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या! पहिला डाग सापडला म्हणे. सेल्फीही काढला. अरे, समोरच्या बाईला कॅन्सर असू शकतो आणि तुम्ही टाळ्या पिटता?

काकींनी सेल्फीपुरता पदर नीट केला. मग विचारलं, "मंग, पुढं?"

"मोठ्या हॉस्पिटलला दाखवा," एक पोरगा म्हणाला आणि फोन घेऊन पुढच्या बाईकडे वळला.

मशिन बरोबर निघालं, हे मान्य. माझा राग त्याच्यावर नाहीच. मोठ्या हॉस्पिटलात गालाचा तुकडा काढून तपासायला तारीख, रिपोर्टला तारीख, ऑपरेशनला तारीख. क्षणात सापडलेला आजार या तारखांमध्ये आरामात वाढला. मी अर्ज केले, खिडक्यांवर ओरडले. बाकावरून काकी म्हणायच्या, "बस गो जरा. तुजा घसा बसंल, मंग कोन भांडंल?"

ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेला, बोलणंही गेलं. मग मला बघून त्या नुसत्या भुवया उडवायच्या. काय विचारतायत ते कळायचं. मी पुढच्या तपासणीची तारीख सांगायचे.

काकी गेल्या.

परवा तीच कंपनी पुन्हा आली. पडद्यावर एक तोंड दाखवलं. काळे दात, नाव नाही. "अशा फोटोंमुळे आमचं मशिन मशेरी ओळखायला शिकलं," साहेब अभिमानाने सांगत होता. फोटोच्या कडेला एक काळं बोट आलेलं. फोटोतही ते काकींना तोंडापासून लांब ठेवता आलं नव्हतं.

मागच्या रांगेत काकींच्या जावेने तोंडातलं बोट बाहेर काढलं.

"मंग, पुढं?"

साहेबाने बटण दाबलं. एकच स्लाइड उरली होती. तिच्यावर जोडलेले हात होते आणि खाली लिहिलं होतं, धन्यवाद.