हरेश्वरची लेथ

हे तुम्हाला सांगतोय, कारण घरात सांगता येत नाही. बायकोला माहीत नाही, मामाला तर नाहीच. आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या हरेश्वरला – माझ्या मामेभावाला – मी आजवर काही बोललेलो नाही.

आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मामाने मला नेऱ्याला आपल्या घरी आणलं. कॉलेज पनवेलला, डबा मामीचा. हरेश्वरच्या ताटात पडायचं तेच माझ्या ताटात – थोडं जास्तच. आज कंपनीत मला साहेब म्हणतात ते त्या घरच्या भाकरीवर. हे मी विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. विसरलो नव्हतो.

तरी त्याच्यावर जळायचो. कशासाठी? त्याच्याकडे होतं काय – आयटीआयचा कागद, मागच्या पडवीत लोखंड आवळून धरायचा एक व्हाइस, थोड्या कानशी, एक ग्राइंडर. पण गावातलं फाटकाचं बिजागर, पंपाची पुली, सगळं त्याच्याकडेच यायचं. लोखंड त्याच्या हातात गेलं की शहाण्यासारखं वागायचं. आणि मी? दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजून सही करणारा. माझ्या हाताने घडलेली एकही वस्तू या जगात नाही. मामा पाहुण्यांना सांगायचा, "भाच्यानं नाव काढलान. पन हात हाय तो आमच्या हऱ्याचा." सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग हरेश्वरने जुनी लेथ – लोखंड फिरवून कातायची मशीन – घ्यायची ठरवली. करंजा बंदरातल्या एका बोटवाल्याने शब्द दिला होता – पंख्याचे शाफ्ट नीट करून दिलेस तर बंदरावरचं काम तुझंच. आम्ही दोघं कळंबोलीला लोखंड बाजारात गेलो. बाकीची खरेदी त्याने एकट्यानेच केली. ड्रिलचं टोक उजेडात धरून बघायचा, सळई फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. दुकानदार त्याच्याशीच बोलत होते. मी पिशवी धरून उभा.

लेथपाशी आल्यावर मात्र तो मागे सरला. "दादा, हिच्यातला मना काय कलत नाय. तू इंजिनीअर. तू बोललास की झाला."

लेथची गाडी दोन लोखंडी पट्ट्यांवरून पुढेमागे सरकते. जुन्या मशीनच्या पट्ट्या चकाजवळ – लोखंड पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ – झिजतात, कारण सगळं काम तिथेच होतं. झिजल्या की सरळ शाफ्ट निघत नाही, निमुळता निघतो. मी पट्टीवरून नख फिरवलं. चकापाशी नख अडकलं – स्पष्ट पायरी लागली. विकणारा म्हातारा भला माणूस होता. म्हणाला, "चलाके देखोगे साब?" म्हणजे त्याला काही लपवायचं नव्हतं.

लपवलं मी. म्हणालो, "गरज नाही. चांगली आहे, घे."

का? मी नंतर पुष्कळ कारणं शोधली. घाई होती, ऊन होतं. खोटं आहे सगळं. मला एवढंच वाटलं – हात त्याचा, आता मशीनही त्याची, मग मला काय उरलं?

टेम्पो दारात आला. आमच्याकडे नारळ फुटला की आणलेली वस्तू घरची होते, परत जात नाही. मामीने मशीनला हळद-कुंकू लावलं, मामाने नारळ हातात घेतला. तो फुटायच्या आत मला बोलता आलं असतं. मी खोबऱ्याचा तुकडा खाल्ला.

बोटवाल्याला करून दिलेले शाफ्ट निमुळते म्हणून परत आले. हरेश्वरने पुन्हा केले, तेही परत आले. बोटवाल्याने काम दुसऱ्याला दिलं. एका रविवारी हरेश्वर माझ्यासमोर बसला, तळहात बघत. "मशीन तर तू बगून घेतलीस, दादा. म्हंजे माझाच हात बसत नाय."

लेथ घेताना मी खोटं बोललो ते एक. पण खरा गुन्हा इथे आहे. तो स्वतःच्या हाताला दोष देत होता आणि मी म्हणालो – "सराव वाढव."

त्याने वाढवला. मग हळूहळू सगळंच सोडलं. आता उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो. फाटकाचं बिजागर घेऊन कुणी आलं तर म्हणतो, "नाय रे, माझ्यानं नाय होत आता." मामाही हल्ली त्याच्या हाताबद्दल बोलत नाही. पाहुण्यांपुढे फक्त माझं नाव घेतो. मला हेच हवं होतं ना?

लेथ पडवीत आहे, ताडपत्रीखाली. दसऱ्याला हरेश्वर ती पुसून काढतो, झेंडू वाहतो आणि मला पुढे करतो, "पयलं कुंकू तू लाव, दादा." दरवर्षी लावतो. त्याच पट्टीवर, चकापाशी. नख अजून तिथेच अडकतं.